स्विस माणसांशी व्हिडिओवर ओळख: रँडम चॅट, भाषेचा जोडीदार की पैसे देऊन शिक्षक?

पुण्या-मुंबईत जर्मन किंवा फ्रेंचच्या दोन-तीन लेव्हल झाल्या की एक अडचण हमखास येते. पुस्तकातले धडे पाठ असतात, पण बोलायचं कोणाशी? त्यात कोणाला स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला एमएस करायला जायचं असतं, कोणाची बदली बाझेलला होणार असते, तर कोणाला नुसतंच तिथली माणसं कशी आहेत ते बघायचं असतं. व्हिडिओवर ओळख करून घ्यायचे मुख्य रस्ते तीन. तिन्हींचा खर्च, धोका आणि हाती लागणारी ओळख यांत बराच फरक आहे.

आधी एक गणित डोक्यात ठेवा. स्वित्झर्लंडची लोकसंख्या साधारण ९० लाख. शेजारच्या जर्मनीत आठ कोटींहून जास्त लोक आहेत. त्यामुळे कुठल्याही ॲपवर 'जर्मन बोलणारे' शोधलेत की समोर येणारे बहुतेक जर्मनीचेच निघतात. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांकडे परदेशी नागरिकत्व आहे. झुरिकहून बोलणारी व्यक्ती पोर्तुगीज, इटालियन किंवा कोसोवोची असू शकते. तिच्याशी गप्पा कमी रंगतील असं मुळीच नाही, पण 'स्विस' म्हणजे नेमकं कोण हवंय हे आधी ठरवलेलं बरं.

रँडम व्हिडिओ चॅटचं लवकर आटोपतो, कारण या कामासाठी तो रस्ता मला पटत नाही. बटण दाबलं की अनोळखी चेहरा, नाही आवडला की पुढचा. चॅटरूलेट आणि ओमेगल दोन्ही २००९ मध्ये सुरू झाले. ओमेगल नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद पडलं. लहान वयात तिथे गाठ पडलेल्या माणसाकडून शोषण झालेल्या तरुणीने कंपनीवर खटला भरला होता. तशी इतर ठिकाणं अजून चालू आहेत. देशाचा फिल्टर बऱ्याच ठिकाणी पैसे भरल्यावर मिळतो आणि व्हीपीएन (इंटरनेटवर आपलं खरं ठिकाण लपवणारी सोय) वापरणारा कुठूनही 'झुरिक'मध्ये बसलेला दिसतो. समोरचा सुंदर चेहरा कधीकधी आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ असतो. 'व्हॉट्सॲपवर ये' म्हणायचं, कॅमेऱ्यासमोर नको ते करायला लावायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि मग पैसे मागायचे, ही फसवणुकीची पद्धत जुनीच आहे. तसं घडलंच तर एक रुपयाही देऊ नका, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. फुकट आणि झटपट, एवढीच या रस्त्याची जमेची बाजू. मुलांच्या हातात तर तो मुळीच देऊ नये.

दुसरं टोक म्हणजे पैसे देऊन शिक्षक. आयटॉकी, प्रेप्ली अशा ठिकाणी शिक्षक आपला दर स्वतः ठरवतात. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्याचा दर तिथल्या महागाईच्या हिशेबाने असतो, म्हणजे आपल्या खिशाला चांगलाच जाणवतो. बदल्यात काय मिळतं? माणूस ठरल्या वेळी हजर असतो. तुमचं वाक्य तीनदा अडखळलं तरी तो थांबतो. घर भाड्याने घेताना कुठली कागदपत्रं मागतात, इमारतीतलं धुणं धुवायचं मशीन ठरलेल्या वारीच का मिळतं, असले प्रश्न न लाजता विचारता येतात. दोस्ती क्वचितच होते, कारण घड्याळ चालू असतं. तरी ज्यांची भाषा बी-१ च्या (म्हणजे रोजचं बोलणं निभावता येईल अशा मधल्या पातळीच्या) खाली आहे त्यांनी सुरुवात इथूनच करावी, असं माझं मत. महिन्यात दोन-तीन तास पुरतात. त्याऐवजी कच्च्या भाषेतच मोफत जोडीदार गाठलात तर दहा मिनिटांत गाडी इंग्रजीवर येते आणि मग तिथेच राहते.

आता मधला रस्ता, भाषेची देवाणघेवाण. टँडेम आणि हॅलोटॉक ही त्यातली नेहमीची नावं. तुम्ही त्यांना इंग्रजीत मदत करायची, त्यांनी तुम्हाला जर्मन, फ्रेंच किंवा इटालियनमध्ये. हिंदी शिकणारा स्विस अधूनमधून भेटतो, मराठी शिकणारा भेटला तर नशीबच. इथे ओळख हळूहळू होते आणि स्विस स्वभावाला तेच मानवतं. तिथे मैत्री बहुधा शाळेतून, गावातल्या गायनमंडळातून, गिर्यारोहणाच्या क्लबातून होते. एकत्र करायला काहीतरी काम असलं की माणसं मोकळी होतात. 'आपण मैत्री करू या का?' हा प्रश्न त्यांना अवघडवतो. 'दर शनिवारी अर्धा तास तुझं इंग्रजी, अर्धा तास माझं जर्मन' हे लगेच कळतं.

म्हणून पहिला मेसेज नुसता 'हाय डिअर' असा असू नये. त्याला उत्तर येणार नाही. त्याऐवजी: 'मी नाशिकची, जर्मन बी-१ चालू आहे, सप्टेंबरमध्ये बर्नला शिकायला येणार आहे. तुम्ही इंग्रजीच्या मुलाखतीची तयारी करताय असं प्रोफाइलवर वाचलं. आठवड्यातून एकदा बोलायला जमेल का?' आधी आठ-दहा दिवस लिहून बोला, मग व्हॉइस मेसेज, मग व्हिडिओ. लिहिण्यात एक खूणही मिळते. जर्मनीत लिहिताना वापरतात ते इंग्रजी 'बी'सारखं दिसणारं एस्सेट हे अक्षर स्वित्झर्लंडमध्ये वापरत नाहीत. तिथे सरळ दोन 'एस' लिहितात. फ्रेंचमध्ये सत्तरला 'सेप्तांत' आणि नव्वदला 'नोनांत' म्हणणारा माणूस फ्रान्सचा नव्हे, स्विस असेल नाहीतर बेल्जियन.

जर्मन भाग घ्यावा की फ्रेंच, यावर मात्र थोडं थांबावं लागेल. साठ टक्क्यांहून थोडे अधिक लोक जर्मन भागातले, सुमारे २३ टक्के फ्रेंच आणि आठेक टक्के इटालियन बोलणारे. रोमान्श ही तिथली चौथी भाषा बोलणारे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. जर्मन भागातली माणसं घरी, ऑफिसात, बसमध्ये आपली बोली बोलतात आणि लिहितात प्रमाण जर्मन. गोएथे संस्थेची जर्मनची परीक्षा पास झालेल्याला ती बोली पहिल्यांदा ऐकताना काही म्हणजे काही कळत नाही. तिथली सार्वजनिक वाहिनी एसआरएफवर संध्याकाळच्या बातम्या प्रमाण जर्मनमध्ये आणि हवामानाचा कार्यक्रम बोलीत असतो. दोन्ही लागोपाठ ऐका, फरक लगेच कळेल. जोडीदार तुमच्यासाठी प्रमाण जर्मन बोलेल, पण अनेकांना ती शाळेत शिकलेली, थोडी परकी वाटते. म्हणून तेच इंग्रजीवर उडी मारतात. तेव्हा वेळ आधीच वाटून घ्या. फ्रेंच भागात, म्हणजे जिनिव्हा-लोझानकडे, हा त्रास जवळपास नाही. तिथली फ्रेंच पुस्तकातल्या फ्रेंचच्या बरीच जवळ आहे. निव्वळ भाषेचा सराव हवा आणि दोन्ही भाषा येत असतील, तर मी फ्रेंच भाग निवडेन. झुरिक किंवा बर्नला राहायलाच जायचं असेल, तर बोली कानावर पडणं हाच फायदा.

वेळेचं गणित आपल्या बाजूचं नाही. हिवाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेअकरा किंवा साडेबारा. कामाच्या दिवशी हे फार दिवस चालत नाही. शनिवारी त्यांचे सकाळचे दहा धरा, म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड किंवा अडीच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं, म्हणून वेळ नेहमी त्यांच्या घड्याळाने ठरवा. पाच मिनिटं उशीर होणार असेल तर आधी कळवा. आणि रात्री दहानंतर समोरचा कुजबुजत बोलू लागला तर रागावलाय असं समजू नका. बहुतेक इमारतींत त्या वेळी शांतता पाळायची असते.

पगार विचारू नका. आपल्याकडे तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नातच येतो, तिथे मित्रही एकमेकांना सहसा सांगत नाहीत. उच्चार नंतर ऐकायला बरे म्हणून कॉल गुपचूप रेकॉर्ड करायचा मोह तर मुळीच नको. स्विस फौजदारी कायद्यात खासगी संभाषण समोरच्याच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. विचारलंत तर बरेच जण हो म्हणतात.

तर, भाषा कच्ची असेल तर एक-दोन महिने शिक्षक, मग जोडीदार. भाषा पक्की असेल तर थेट जोडीदार. शिकायला किंवा नोकरीला जाणार असाल तर ज्या शहरात राहणार तिथलाच जोडीदार शोधा आणि निघायच्या तीन-चार महिने आधी सुरुवात करा. पोचल्यावर १४ दिवसांत तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. तोपर्यंत ओळख जमली असेल, तर खिडकीपाशी काय बोलायचं याची रंगीत तालीम आदल्या शनिवारच्या कॉलवर करून घेता येईल.