हास्केलमध्ये पार्सर लिहायचाय? पार्सेक, अ‍ॅटोपार्सेक की मेगापार्सेक

पार्सर म्हणजे मजकूर वाचून त्यातली रचना ओळखणारा प्रोग्राम, आणि हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत तो लिहायच्या या तिन्ही लायब्ररी वापरून झाल्यात म्हणून सांगतो, नवीन काम सुरू करत असाल तर सरळ मेगापार्सेक घ्या. २०१५ मध्ये पार्सेकमधूनच फुटून निघालेली ही लायब्ररी, त्यामुळे पार्सेक येत असेल तर हात लगेच बसतो.

मला ती आवडते ती एररमुळे. परवा एका कॉन्फिग फाईलमध्ये स्वल्पविराम राहिला होता, तर एरर नीट मांडून दाखवणाऱ्या एररबंडलप्रिटी या फंक्शनने ओळ नंबर, कॉलम, ती अख्खी ओळ आणि बरोबर चुकलेल्या अक्षराखाली टोपीसारखी खूण काढून दाखवली, वर इथे काय यायला हवं होतं तेही सांगितलं. दोन मिनिटांत काम झालं! इंडेंटेशनवर (ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवर) चालणारी भाषा पार्स करायची असेल तर त्याची सोयही लेक्सर मॉड्यूलमध्ये (शब्द-चिन्हं वेगळी काढणाऱ्या भागात) आयती आहे.

अ‍ॅटोपार्सेक वेगासाठी. लॉग फाईल्स, नेटवर्कवरून तुकड्या-तुकड्याने येणारा डेटा, असल्या कामाला झकास, आणि बॅकट्रॅकिंग (एक पर्याय फसला की मागे येऊन दुसरा बघणं) आपोआप होतं म्हणून त्यासाठी ट्राय हे फंक्शन लिहायची कटकट नाही. पण ओळ-कॉलम काही ठेवत नाही, त्यामुळे माणसाने हाताने लिहिलेल्या फाईलसाठी नका वापरू, चूक शोधता शोधता जीव जातो.

पार्सेक जुनं आणि भरवशाचं, जीएचसी या हास्केलच्या कंपायलरसोबतच ८.४ आवृत्तीपासून येतं, म्हणून बाहेरच्या लायब्ररीवर अवलंबून राहायचं नसेल तेव्हा मी अजूनही तेच घेतो. फक्त ट्राय कुठे लावायचं ते नीट समजून घ्या, नाहीतर पहिला पर्याय अर्धा वाचून अडकतो आणि दुसऱ्याकडे वळतच नाही.