नवं स्टेडियम, जुन्या मैदानावर नवा स्टँड, की भाड्याची जागा? पुण्याच्या फुटबॉल क्लबसाठी गेटचा हिशोब

"जागा वाढल्या की गेट, म्हणजे तिकिटांचा गल्ला, वाढणारच." क्लबच्या बैठकीत मैदानाचा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच आणि बाकीचे मान डोलावतात. मी पुण्यातल्या एका क्लबचं तिकिटांचं टेबल काही हंगाम सांभाळलंय. पत्र्याच्या पेटीतला गल्ला रात्री मोजून वहीत लिहिला आहे. त्यावरून सांगतो, हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कर्जाच्या कागदावर सही झाल्यावर कळतं.

ज्यांच्यासमोर आज तीन वाटा आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिली वाट, मोठं मैदान भाड्याने घेऊन खेळत राहायचं. दुसरी, दीर्घ मुदतीने हातात असलेल्या मैदानावर एक नीट स्टँड बांधायचा. तिसरी, कर्ज काढून नवं स्टेडियम उभं करायचं. तिन्ही वाटांनी आधी गेलेले क्लब युरोपात आहेत आणि त्यांचे आकडे उघड आहेत.

तिकिटाचा पैसा चार आकड्यांच्या गुणाकारातून येतो: जागा किती, त्यातल्या भरल्या किती, सरासरी तिकीट किती आणि वर्षात घरचे सामने किती. नवं स्टेडियम पहिला आकडा वाढवतं, याची खात्री. बाकी तिघांची खात्री कुणी देत नाही.

एकाच शहरातले दोन क्लब

आर्सेनल आणि वेस्ट हॅम, दोन्ही लंडनचे. आर्सेनल 2006 साली हायबरीच्या 38,000 जागा सोडून एमिरेट्सच्या 60,000 जागांत गेलं. वेस्ट हॅम 2016 साली अप्टन पार्कच्या 35,000 जागा सोडून ऑलिंपिकसाठी बांधलेल्या लंडन स्टेडियमवर गेलं. तिथे पहिल्या हंगामात सुमारे 57,000 जागा होत्या. कागदावर दोन्ही स्थलांतरं सारखीच दिसतात.

आता पैसा पाहा. आर्सेनलचं सामन्याच्या दिवसाचं उत्पन्न 2005-06 मध्ये 4.41 कोटी पौंड होतं, पुढच्याच हंगामात ते 9.06 कोटी झालं. वेस्ट हॅमचं पावणेतीन कोटींच्या थोडं खालून जेमतेम थोडं वर सरकलं. (तिथल्या ताळेबंदात या रकमेत तिकिटाबरोबर खास बैठकीचा आणि खाण्यापिण्याचा पैसाही येतो, हे लक्षात असू द्या.)

आर्सेनलच्या जागा दीडपटीहून थोड्या जास्त वाढल्या, पण पैसा दुपटीच्या वर गेला. याचा अर्थ दर जागेमागचा पैसाही वाढला. तो वाढला मधल्या मजल्यावरच्या महागड्या खुर्च्यांच्या क्लब लेव्हलमुळे आणि खाजगी बॉक्समुळे. हायबरीत अशी जागा फारच कमी होती. जेवणासकट पूर्ण हंगामाचं महाग तिकीट घेणारी मंडळी लंडनमध्ये होती, त्यांना बसवायला पुरेशा खुर्च्या नव्हत्या. साध्या सीझन तिकिटाची प्रतीक्षा यादीही वर्षानुवर्षं लांबलेली होती. म्हणजे एमिरेट्सने प्रेक्षक निर्माण केला नाही, फाटकाबाहेर ताटकळलेल्याला आत घेतलं.

वेस्ट हॅमला नव्या 22,000 जागा भरायच्या होत्या आणि त्यासाठी रांग तयार नव्हती. म्हणून त्यांनी दर उतरवले. सर्वांत स्वस्त सीझन तिकीट 289 पौंडांना ठेवलं आणि पन्नास हजारांवर सीझन तिकिटं खपवली. स्टेडियम भरलं, पण वाढलेल्या गर्दीचा फायदा उतरलेल्या दराने खाल्ला. शिवाय जागा भाड्याची, त्यामुळे स्टेडियमच्या नावाचे हक्क आणि खाण्यापिण्याचा धंदा पूर्णपणे क्लबच्या हातात नाही. मैदान आणि प्रेक्षक यांच्यात धावपट्टीचं अंतर उरलं, ते वेगळंच.

तरी वेस्ट हॅमचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. त्यांच्या डोक्यावर बांधकामाचं कर्ज नाही, भाडं सुरुवातीला वर्षाला 25 लाख पौंड इतकंच ठरलं होतं. स्वस्त तिकिटामुळे लहान मुलं बापाबरोबर मॅचला येऊ लागली, याची किंमत ताळेबंदात दिसत नाही. उलट आर्सेनलने सुमारे 39 कोटी पौंडांचं स्टेडियम बांधलं, 26 कोटींचे रोखे काढले, आणि 2005 नंतर थेट 2014 साली त्यांच्या हाती मोठी ट्रॉफी लागली. मधल्या वर्षांत चांगले खेळाडू एकेक करून गेले. गेटचा पैसा दुप्पट झाला म्हणून संघ लगेच दुप्पट भक्कम होत नाही, हप्ता आधी कापला जातो.

लिव्हरपूलची मधली वाट

लिव्हरपूलमध्ये नव्या स्टेडियमचे आराखडे कित्येक वर्षं फिरत होते. 2012 साली मालकांनी ठरवलं की अॅनफिल्ड हे जुनं मैदान सोडायचं नाही. 2016 मध्ये मुख्य स्टँड नव्याने उभा राहिला, खर्च साधारण 11 कोटी पौंड, जागा वाढल्या सुमारे 8,500. सामन्याच्या दिवसाचं उत्पन्न 6.2 कोटींवरून 7.4 कोटींच्या आसपास गेलं. आणि हे त्या हंगामात, जेव्हा क्लब युरोपीय स्पर्धेत नव्हता आणि घरचे सामने आधीच्या वर्षापेक्षा कमी झाले होते. एकाच स्टँडने सामन्यांची घट भरून काढून वर पैसा दिला.

खर्चाच्या मानाने मिळकत मोजली तर आर्सेनलचं गणित याहून थोडं सरस निघेल, हे कबूल करायला हवं. लिव्हरपूलने कमावली ती निश्चिंती. चुकलं असतं तर एक स्टँड चुकला असता, क्लब बुडाला नसता. काम चालू असताना संघ घरच्याच मैदानावर खेळत राहिला. पुढे 2024 मध्ये अॅनफिल्ड रोड स्टँडच्या 7,000 जागाही पूर्ण सुरू झाल्या. एक पायरी चढून, पाय टेकल्याची खात्री करून मगच दुसरी.

एक प्रसंग मात्र प्रत्येक खजिनदाराने लक्षात ठेवावा. फेब्रुवारी 2016 मध्ये, नव्या स्टँडमध्ये 77 पौंडांचं तिकीट लावायचं ठरल्यावर हजारो प्रेक्षक सामन्याच्या 77 व्या मिनिटाला उठून निघून गेले. काही दिवसांत मालकांनी दर मागे घेतले. नव्या सिमेंटचा खर्च जुन्या प्रेक्षकाच्या खिशातून वसूल करायला गेलं की असं होतं.

लहान पण स्वतःचं

पुण्याच्या दृष्टीने मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते इटलीतल्या युव्हेंटसचं उदाहरण. 1990 च्या विश्वचषकासाठी तुरिनमध्ये बांधलेलं देल्ले आल्पी हे पालिकेचं स्टेडियम, जवळपास 69,000 जागांचं, भोवती धावपट्टी. युव्हेंटससारखा क्लब, पण एका चषक सामन्याला तिथे 237 माणसं आली होती. शेवटी ते पाडलं. काही वर्षं क्लब शहरातल्या दुसऱ्या, लहान स्टेडियमवर खेळला आणि 2011 साली देल्ले आल्पीच्याच जागेवर सुमारे 41,000 जागांचं स्वतःचं स्टेडियम उघडलं. धावपट्टी नाही, प्रेक्षक अगदी मैदानाला खेटून. 2010-11 मध्ये 1.16 कोटी युरो असलेलं सामन्याच्या दिवसाचं उत्पन्न पहिल्याच हंगामात 3.18 कोटी झालं, तेही युरोपीय सामने नसताना. त्या वर्षी संघ एकही लीग सामना न हरता विजेता झाला, त्याचाही यात वाटा आहेच.

लंडनच्याच टॉटनहॅमबद्दल थोडक्यात. 2019 साली सुमारे 100 कोटी पौंडांचं स्टेडियम, 62,850 जागा. सामन्याच्या दिवसाचं उत्पन्न 2016-17 च्या 4.53 कोटींवरून 2022-23 मध्ये 11.76 कोटी. पुढच्या हंगामात युरोपीय सामने नव्हते, तर लगेच 10.58 कोटी. तिथे सरकतं गवत आहे, खाली अमेरिकन फुटबॉलचं मैदान आहे, मोठमोठे गाण्याचे कार्यक्रम होतात. कर्ज पेलतं ते अशा बाकीच्या दिवसांच्या जोरावर. एवढे दिवस पुण्यातला क्लब कुठून आणणार?

आता पुणे

बालेवाडीचं श्री शिव छत्रपती क्रीडा संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभं राहिलं. पुणे एफसी तिथे खेळला, पुढे इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एफसी पुणे सिटी 2014 ते 2019 तिथेच खेळला. दोन्ही क्लब आज नाहीत. ते का बंद झाले याची कारणं वेगळी, पण गेटच्या दृष्टीने एक गोष्ट दिसते: धावपट्टी असलेलं, अनेक खेळांसाठी बांधलेलं सरकारी संकुल कोणत्याही क्लबचं घर बनत नाही. सामन्याच्या दिवशी बोर्ड लावायचा, रात्री काढायचा. गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम दाखवून देतं की पुणेकर द्रुतगती मार्गापर्यंत जाऊन 37,000 जागा भरू शकतात. पण ते आयपीएलसाठी. आपल्या लीगच्या मंगळवारच्या सामन्यासाठी कोणी गहुंज्याला जाणार नाही.

याउलट कोल्हापूर पाहा. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना असला की उन्हात तापलेल्या पायऱ्यांवर माणूस मावत नाही. तिथे तालमीतालमींची ईर्षा आधी होती आणि तिने स्टेडियम भरलं.

एक ढोबळ हिशोब मांडतो, आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमचे घालून पाहा. समजा आज सरासरी 3,000 माणसं येतात, तिकीट 100 रुपये, घरचे सामने 12. हंगामाचे 36 लाख.

15,000 जागांचं नवं स्टेडियम बांधलं. पहिल्या वर्षी कुतूहलाने गर्दी होईल, ती धरू नका. चार वर्षांनी सरासरी 4,500 वर स्थिरावली असं माना, ही उदार धारणा आहे. 54 लाख झाले, म्हणजे 18 लाख जास्त. वर्षाला दहा टक्के व्याज धरलं तर 18 लाखांत 1 कोटी 80 लाखांच्या कर्जाचं फक्त व्याज फिटतं, मुद्दल तसंच. 15,000 जागांचं स्टेडियम एवढ्यात होत नाही, हे सांगायला आर्किटेक्ट लागत नाही. शिवाय 10,500 रिकाम्या खुर्च्यांचं आणखी एक नुकसान आहे. तिकीट कधीही मिळतं हे कळलं की सीझन तिकीट कोण काढेल?

आता दुसरी वाट. मैदान तेच, मधल्या रेषेवर छपराचा एक स्टँड, त्यात 200 चांगल्या खुर्च्या, चहा-नाश्त्यासकट 1,000 रुपये. सगळ्या गेल्या तर सामन्याला 2 लाख, हंगामाला 24 लाख. नाश्त्याचा खर्च वजा करूनही नव्या स्टेडियमच्या वाढीव 18 लाखांच्या आसपास किंवा वरच राहाल, आणि कर्ज त्याच्या एका तुकड्याएवढं. या 200 खुर्च्यांचं गिऱ्हाईक बाणेर-बावधनमधल्या कंपन्या, जुने खेळाडू, मुलांना अकादमीत घालणारे पालक, यांच्यात शोधावं लागेल. ते सापडतं का, हे बांधकामाआधी आगाऊ पैसे घेऊन तपासता येतं.

माझं मत दुसऱ्या वाटेचं आहे, आणि त्यातही क्रम असा: आधी फ्लडलाइट, मग छप्पर, मग खुर्च्या. दुपारी तीनचा सामना संध्याकाळी सातला नेता आला तर हिंजवडीहून सुटणारा माणूस येऊ शकतो, एकही नवी जागा न बांधता. छपराशिवाय पावसाळ्यातलं प्रत्येक विकलेलं तिकीट देवाच्या भरवशावर. दुचाकी लावायला जागा नसेल किंवा मेट्रो स्थानकापासून पायी येता येत नसेल, तर गॅलरी कितीही देखणी असू दे, दुसऱ्या सामन्याला तोच माणूस येणार नाही.

भाड्याची वाट मी एकाच परिस्थितीत सुचवेन: मैदानाचा ताबा किमान पंधरा-वीस वर्षांच्या करारावर मिळत नसेल तर. दुसऱ्याच्या जमिनीवर अकरा महिन्यांच्या कागदावर स्टँड बांधू नका. आणि भाडं ठरवताना चहा-वडापावचे स्टॉल, पार्किंग आणि जाहिरातीचे फलक कुणाचे, हे तीन मुद्दे लिहून घ्या. तिकिटाचा दर वाढवता येत नाही तेव्हा हाच पैसा हंगाम तारतो.

नवं स्टेडियम कधी? सलग दोन हंगाम निम्म्याहून अधिक सामन्यांना तिकीट खिडकी संपल्याची पाटी लावावी लागली आणि परत गेलेल्यांची नोंद तुमच्या वहीत असेल, तेव्हा. ही नोंद या हंगामापासूनच सुरू करा. तिकिटाच्या टेबलावर एक जादा वही ठेवा: सामना, वार, वेळ, पाऊस होता का, विकलेली तिकिटं, फुकट पास आणि खिडकीवरून परत गेलेली माणसं. फुकट पासांचा रकाना वेगळाच हवा. आमच्या वहीत तो नव्हता, आणि तीन हंगाम आम्ही गर्दीला गेट समजत होतो.