ॲपल वॉच एसई: दहा महिन्यांचा अनुभव, आणि पासकोड विसरलो तेव्हाचं

पुण्याच्या भावानं गेल्या दिवाळीला हे घड्याळ दिलं. रोज सकाळी इथं बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत फिरायला जातो, त्यासाठी. फोनला जोडण्यापासून सगळं त्यानंच करून दिलं. घड्याळ चांगलं आहे, मला आवडतं. एका चार्जिंगवर १८ तास चालेल असं कंपनी सांगते, माझ्याकडेही साधारण तेवढंच चालतं. म्हणजे रोज रात्री लावायला हवंच. बेळगावच्या पावसात भिजलं, काही झालं नाही.

जुलैत टिळकवाडीत शेवाळावरून घसरलो आणि डावं मनगट मोडलं. पडल्याचं घड्याळ ओळखतं, पण वय ५५ च्या वर नसेल तर ती सोय आपणच चालू करावी लागते. माझी बंद होती. सहा आठवडे प्लास्टर, घड्याळ कपाटात.

प्लास्टर निघालं, घड्याळ चार्ज करून बांधलं, आणि पासकोड आठवेना. मनगटावर असेपर्यंत ते पासकोड मागत नाही, काढलं की कुलूप लागतं. त्यामुळे दिवसातून एकदाच आकडे दाबायचे, तेही बोटांच्या सवयीनं. सहा आठवड्यांत ती सवय गेली. जन्मतारीख, गाडीचा नंबर, सगळं करून बघितलं. चुका वाढतील तसं ते जास्त वेळ थांबायला लावतं. बाबा दोनदा येऊन विचारून गेले, "काय करूलास रे एवढं?"

बाजारातल्या एका दुकानात दाखवलं. सॉफ्टवेअर मारावं लागेल, दीड हजार होतील, म्हणाला. तसाच परत आलो. बरं झालं, कारण हे घरी फुकट होतं.

भावानं फोनवर सांगितलं तसं केलं. घड्याळ चार्जरवर ठेवायचं आणि शेवटपर्यंत काढायचं नाही. बाजूचं बटण बंद करण्याचा पडदा येईपर्यंत दाबून धरायचं. मग गोल चावी, म्हणजे डिजिटल क्राऊन, दाबून धरायची. सगळं पुसण्याचा पर्याय येतो, त्याला दोनदा होकार द्यायचा. जोडलेला आयफोन जवळ असेल तर वॉच ॲपच्या जनरलमध्ये रीसेट आहे, तिथूनही पुसता येतं. पासकोड मात्र परत मिळत नाही, घड्याळ कोरं होतं.

खरी धाकधूक पुढे होती. कोरं झालं तरी ते मालकाचं ॲपल खातं आणि त्याचा पासवर्ड मागतं. चोरानं नुसतं पुसून वापरू नये म्हणून हे कुलूप आहे, आणि ते मला पटतं. पण माझा पासवर्ड कुठे? बायकोला तो गॅसच्या पासबुकात, भावाच्या अक्षरात सापडला. तो नसता तर माझी रात्र वाईट गेली असती.

पुन्हा जोडताना फोनमधल्या बॅकअपवरून सेटिंग परत आल्या. चालण्याच्या नोंदी फोनच्या हेल्थ ॲपमध्ये होत्याच. ब्लूटूथचे हेडफोन तेवढे नव्यानं जोडावे लागले. आता 'अनलॉक विथ आयफोन' चालू केलंय. घड्याळ बांधून फोन उघडला की तेही उघडतं. पडल्याचं ओळखणंही चालू केलं.

निपाणीचा मित्र कोल्हापुरातून जुनं घड्याळ घेतोय. त्याला सांगितलंय, पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून त्याच्याच फोनवर अनपेअर करून, म्हणजे घड्याळाची त्या फोनशी असलेली जोडणी तोडून घे, आणि तिथंच उभं राहून आपल्या फोनला जोडून बघ.