विमानांचं बोलणं ऐकायला कोणता सेट? गावात राहणाऱ्यांसाठी तुलना

किंमत बघण्याआधी नकाशा बघा. विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. ३५,००० फुटांवरचं विमान त्यामुळे चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं, पण नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या टॉवरमधला नियंत्रक पंचवीसेक किलोमीटरपुढे विरत जातो. हिंगणा-बुटीबोरीकडे दोन्ही बाजू मिळतील. आर्वी, दारव्हा, सिंदेवाहीकडे बहुतेक वैमानिकच ऐकू येईल. त्यात फार बिघडत नाही. मिळालेला आदेश वैमानिक परत म्हणून दाखवतो, त्यावरून काय चाललंय ते कळतं. शिवाय दिल्लीहून हैदराबाद-बंगळुरूला जाणारी आणि मुंबई-कोलकाता करणारी बरीच विमानं आपल्याच डोक्यावरून जातात.

दुसरी अट एएमची, म्हणजे आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर असते त्या पद्धतीची. विमानांचा संवाद आजही एएमवरच चालतो, कारण दोघं एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि दोन संदेश एकमेकांवर आदळल्याचं कळतं. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. म्हणून बाओफेंग यूव्ही-५आर घेऊन उपयोग नाही. त्याची पट्टी १३६ पासून सुरू होते, तीही एफएमची. क्वान्शेंग यूव्ही-के५ एएम ऐकवतो, पण मूळ फर्मवेअरवर (कंपनीने आत घातलेल्या प्रोग्रॅमवर) आवाज फाटका येतो. आणि हे दोन्ही प्रक्षेपण करणारे वॉकी-टॉकी आहेत, परवान्याशिवाय घरात ठेवणं म्हणजे विकतचं दुखणं.

राहिले तीन पर्याय.

एअर बँडवाला, म्हणजे विमानांचा पट्टा असलेला डिजिटल ट्रान्झिस्टर, उदाहरणार्थ एक्सएचडाटा डी-८०८. तिघांत सगळ्यात सोपा. आकाशवाणी, शॉर्टवेव्ह आणि विमानं एकाच डब्यात, आत १८६५० सेल, यूएसबीवर चार्ज होतो. अडचण एकच, हा रेडिओ आहे, अनेक चॅनल भराभर तपासणारा स्कॅनर नाही. आठ चॅनल आलटून पालटून ऐकायला गेलात तर हा हळूहळू सरकतो आणि तोवर बोलणं संपलेलं असतं. एखाददोन फ्रिक्वेन्सीवर लावून ठेवायचा असेल तर मात्र पुरेसा आहे.

काटा फिरवायचे 'एअर-टीव्ही-सीबी' छापाचे स्वस्त रेडिओ टाळा. आलेला सिग्नल ते आत ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात ती १०.७ मेगाहर्ट्झ असते, म्हणून खऱ्या केंद्रापासून दुप्पट अंतरावर, म्हणजे २१.४ मेगाहर्ट्झ पुढे, त्याचं भूत उभं राहतं. १०० मेगाहर्ट्झचं एफएम केंद्र १२१.४ वर गाणी वाजवतं आणि घेणाऱ्याला वाटतं एअर बँड चालू आहे.

खरा हातातला स्कॅनर म्हणजे युनिडेन बेअरकॅट. बीसी७५एक्सएलटीमध्ये ३०० चॅनल, बीसी१२५एटीमध्ये ५००. मोठ्यात चॅनलला नाव देता येतं आणि २२५ ते ३८० मेगाहर्ट्झचा लष्करी पट्टाही आहे. आमच्या मते तो पट्टाच मोठा न घेण्याचं कारण आहे. नागपुरात हवाई दलाचा मोठा तळ आहे, नसती चौकशी कशाला? लहानात नागरी विमानांना लागणारं सगळं आहे. दोघांनाही दोन पेन्सिल सेल लागतात आणि सेलच्या खणात एक बारीक बटण असतं, साधे की रिचार्जेबल ते सांगणारं. साधे सेल घालून बटण रिचार्जेबलवर ठेवलं आणि यूएसबी जोडली तर सेल गळतात, खण कुजतो. एटीआयएसचा, म्हणजे विमानतळाचा आपोआप वाजणारा हवामान संदेश सतत चालतो आणि स्कॅन तिथेच अडकतो, त्या चॅनलला लॉकआउट करा, म्हणजे स्कॅनमधून वगळा.

तिसरा आरटीएल-एसडीआर डोंगल, फोन किंवा संगणकाला जोडून त्याचा रेडिओ करणारा. २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ, मोबाइलला ओटीजी केबलने लागतो, आणि सव्वादोन-अडीच मेगाहर्ट्झचा पट्टा एकदम पडद्यावर दिसतो, कोण कुठे बोलतोय ते डोळ्यांनी कळतं. पण वावरात मे महिन्यात फोन आणि डोंगल दोन्ही तापतात, बॅटरी भराभर उतरते. जवळ एफएमचा मनोरा असेल तर डोंगल भांबावतो, मग एफएम अडवणारा फिल्टर वेगळा घ्यावा लागतो. घरी बसून शिकायला उत्तम, हातात धरून फिरायला नाही.

कोणताही घ्या, गावात खरा वैरी गोंगाट आहे. एएमला ठिणगी लगेच ऐकू येते. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन साधारण सेकंदासेकंदाला टक्, टक् करतं. तार कुठे गवताला टेकून ठिणगी पडत असेल तर जास्तच. सौरपंपाचा कंट्रोलर दिवसभर घरघरतो, स्वस्त एलईडी बल्ब रात्री. सेट सेलवर ठेवून धुऱ्यावर शंभर पावलं दूर जा, फरक लगेच कळेल.

अँटेना घरीच करा. तांब्याच्या तारेचे ५६-५६ सेंटिमीटरचे दोन तुकडे, एक वर, एक खाली, प्लास्टिकच्या पाइपवर उभे. मधल्या गाठीला जुन्या डिशची केबल, आतली तार वरच्या तुकड्याला, जाळी खालच्याला. आडवा लावू नका, विमानांचे सिग्नल उभ्या ध्रुवणाचे, म्हणजे उभ्या दिशेत हलणारे असतात, बरंच नुकसान होतं. युनिडेनला बीएनसी कनेक्टर लागतो. स्लॅबवर बांधलेला असला तर वीज कडाडायच्या आधी केबल काढून बाहेर टाका.

फ्रिक्वेन्सी ऐकीव यादीतून घेऊ नका. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ईएआयपीमध्ये (वैमानिकांसाठीच्या अधिकृत ऑनलाइन माहितीपुस्तकात) नागपूरसाठी व्हीएएनपी हा विमानतळाचा संकेत शोधा, एडी २.१८ हा तक्ता बघा. सेटवर एका चॅनलवरून पुढच्यावर जाण्याची पायरी २५ किलोहर्ट्झ ठेवा.

कायद्याचं मात्र गांभीर्याने घ्या. आकाशवाणी ऐकायच्या साध्या रेडिओपलीकडचं बिनतारी यंत्र बाळगणं आपल्याकडे परवान्याच्या कक्षेत येतं आणि हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना हॅम बँडांपुरताच असतो. २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात स्कॅनर घेऊन बसलेले दोन ब्रिटिश हौशी अटकेत गेले आणि दंड भरून सुटले. पैसे भरण्याआधी दूरसंचार विभागाच्या, बिनतारी परवाने बघणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेला लेखी विचारा. ऐकलेलं रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकू नका, विमानतळाच्या कुंपणाशी तर सेट नेऊच नका.

डब्ल्यूपीसीचं उत्तर हातात आल्यावर मग नागपूरपासून पंचवीस किलोमीटरच्या आतल्यांनी बीसी७५एक्सएलटी बघावा. त्यापलीकडच्यांनी ट्रान्झिस्टर घ्यावा आणि उरलेले पैसे अँटेनाच्या तारेवर घालावेत. गोंदियाजवळ असाल तर अपवाद, तिथल्या बिरसी विमानतळावर शिकाऊ वैमानिक घिरट्या घालत असतात, तिथे स्कॅनर रिकामा बसत नाही.