ओढ्यातल्या छोट्या माशांसाठी मायक्रो ग्रॅन्युल्स: डॅनिओंना मस्त, लोचला पुरत नाही

टाकीत डॅनिओ, रासबोरा, बार्ब असे छोटे मासे पाळत असाल तर हे हळूहळू बुडणारं बारीक दाण्यांचं फूड नक्की घ्या, फ्लेक्सपेक्षा कितीतरी सरस आहे. दाणा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तीन-चार सेंटीमीटरच्या माशाला एका घासात गिळता येतो, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण या माशांच्या जबड्यात दातच नसतात, जे आहेत ते घशात, त्यामुळे मोठा दाणा तोडून खाणं जमत नाही, तोंडात घेतात, थुंकतात, परत घेतात आणि शेवटी तो तळाशी कुजत पडतो.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे दाणा थोडा वेळ वर तरंगतो आणि मग सावकाश खाली येतो. ओढ्यात हे मासे असंच तर खातात, प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबायचं आणि वाहत येईल ते टिपायचं, मेफ्लाय या कीटकाचे निम्फ म्हणजे पाण्यातली पिल्लं, चिलटांच्या अळ्या, काठावरच्या झाडावरून पडलेली एखादी मुंगी. म्हणून फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे चिमूटभर टाका, दाणे धारेबरोबर वाहत जातात आणि मासे अक्षरशः तुटून पडतात, बघायला खूप भारी वाटतं!! घटकांमध्ये पहिलं नाव ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचं आहे, मग फिश मील, मग स्पिरुलिना. कीटक खाणाऱ्या माशाला कीटकच, पटण्यासारखं आहे.

फक्त एकदम ओतू नका. कार्पच्या कुळातल्या या माशांना जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं दिलेलं चांगलं.

आता एक स्टार का कापला. डब्यावर ‘सर्व माशांसाठी’ असं छापलंय, ते मला अजिबात मान्य नाही. गारा किंवा हिलस्ट्रीम लोच या तळाशी दगडांवर राहणाऱ्या माशांचं तोंड खालच्या बाजूला असतं, ते दगडावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खातात, त्यात डायअॅटम म्हणजे अगदी सूक्ष्म शेवाळ असतं, बारीक जीव असतात, आणि दिवसभर तेच चालू असतं. हे दाणे दगडाला चिकटत नाहीत, गोट्यांच्या फटीत जातात, आणि लोच तिथे पोचेपर्यंत वरच्या माशांनी बरंचसं संपवलेलं असतं. त्यांच्यासाठी गुळगुळीत दगड चांगल्या उजेडात ठेवून त्यावर शेवाळ धरू द्या, आणि शिवाय दगडाला चोपडता येणारं जेल फूड द्या. एवढ्या दाण्यांवर लोच हळूहळू खंगतो, पोट आत गेलेलं दिसायला लागेपर्यंत लक्षातही येत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

झाकण पण नीट घट्ट बसत नाही, दमट हवा आत जाते आणि दाण्यांचे गोळे होतात, मी दुसऱ्या हवाबंद बाटलीत काढून ठेवलंय. उघडल्यावर व्हिटॅमिन सी पण कमी होत जातं, तेव्हा मासे मोजके असतील तर छोटा पॅकच घ्या.

५ पैकी ४.