शाहनाम्याचं चित्र की कुराणाचं पान?

इस्लामी हस्तलिखितांची सुटी पानं जमवू लागलेला माणूस पहिल्या मोठ्या खरेदीपाशी आला की बहुतेक वेळा दोन पानांमध्ये अडकतो. एक असतं इराणमधल्या शिराझचं, शाहनाम्यातलं (फिरदौसीचं फारसी वीरकाव्य) किंवा निजामी कवीच्या खम्स्यातलं, म्हणजे पाच काव्यांच्या संचातलं, सचित्र पान. दुसरं सोन्याने सजवलेलं कुराणाचं पान. आपल्या ऐपतीतलं कुराणाचं पान म्हणजे बहुधा सुलतानी हिंदुस्थानातलं, बिहारी लिपीतलं. निळ्या कातड्यावरच्या सोनेरी कुफी (जुनी, कोनदार अरबी लिपी) पानांची किंवा कैरोच्या ममलूक सुलतानांच्या काळातल्या कुराणांची स्वप्नं सगळेच बघतात, पण ती बहुतेक संग्रहालयांतच पाहायची. मी लंडनमध्ये राहतो आणि मी दोन्ही पानं घेतली आहेत. आधी शाहनाम्याचं, चार वर्षांनी कुराणाचं. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

शाहनाम्याची ओढ मला पूर्ण समजते. सोळाव्या शतकातला इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्या शाहनाम्यात 258 चित्रं होती. विसाव्या शतकात तो ग्रंथ एका अमेरिकन संग्राहकाने सुटा केला, आणि त्यातलं एकच पान 2011 साली लंडनच्या लिलावात 74 लाख पौंडांवर गेलं. आपल्या हाती येतं ते त्या राजवाडी कारखान्यातलं नसतं, पंधराव्या-सोळाव्या शतकात शिराझमध्ये विक्रीसाठी भरपूर ग्रंथ तयार होत, त्यांपैकी एखाद्यातलं असतं. तरीही त्यात घोडा असतो, शाहनाम्याचा वीर रुस्तम असतो, जांभळट खडक असतात, लाजवर्दी आभाळ असतं. भिंतीवर लावलं की घरी येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबतो. कुराणाचं पान एवढ्या चटकन बोलत नाही, हे मान्य करायला हवं.

माझं मत फिरलं ते एका त्रासामुळे. तो नीट सांगतो.

माझ्या पानावर शिकारीचं चित्र होतं. वर दोन ओळी, खाली तीन, मधे चित्र, मजकूर नेहमीसारखा चार रकान्यांत. दोन वर्षं मी ते आनंदाने पाहिलं. मग एका हिवाळ्यात संध्याकाळचं तिरकं ऊन खिडकीतून थेट त्याच्यावर पडलं आणि घोड्याच्या पोटाखालच्या हिरवळीत मला बारीक उंचवटे दिसले. आधी वाटलं रंगाचा पोत असेल. भिंग घेऊन पाहिलं तर ती अक्षरांची शेपटं होती. एक 'नून', त्याच्या बाजूला 'ये'चा वळसा. चित्राखाली लिखाण होतं.

जुन्या कारखान्यात आधी लेखक लिहून घेई आणि चित्रासाठी जागा कोरी सोडे. त्या जागेत चित्रकार मागाहून काम करी. अस्सल चित्राखाली मजकुराच्या ओळी सापडण्याचं कारण नाही. उलट चित्राच्या लगतचा बैत, म्हणजे दोन चरणांची द्विपदी, बहुधा त्याच प्रसंगाचा असतो. माझ्या वस्तीत एक निवृत्त इराणी शिक्षक राहतात. त्यांच्याकडे पान घेऊन गेलो. त्यांनी वरच्या ओळी मोठ्याने वाचल्या, मग खालच्या, आणि म्हणाले, "इथे शिकार कुठेच नाही, इथे तर पत्रव्यवहार चाललाय." त्यांनी छापील शाहनामा काढून मधले बैत मोजले. चित्राची उंची नऊ ओळींची. एका ओळीत दोन बैत, म्हणजे अठरा. पुस्तकात मधे जवळजवळ तेवढेच बैत होते. सोळाव्या शतकातल्या कुणा लेखकाच्या नऊ ओळी धुऊन त्यांवर विसाव्या शतकात घोडे रंगवले गेले होते.

हे चित्र 'नंतरचं' असू शकतं, असं विक्रेत्याने कुठेही लिहिलं नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. पण पैशापेक्षा मला त्या पुसलेल्या अठरा बैतांचं जास्त वाईट वाटतं. अशी पानं बाजारात बरीच आहेत. नुसत्या मजकुराच्या पानाला गिऱ्हाईक कमी, चित्राच्या पानाला जास्त, म्हणून हा उद्योग चालतो. मला हे आधी ओळखता आलं असतं. जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा रंग, कालांतराने कागद खातो आणि पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी सावली उमटते. माझ्या पानावरची हिरवळ टवटवीत होती आणि मागची बाजू स्वच्छ.

आता बिहारी पानाकडे येतो. बिहारी ही हिंदुस्थानातलीच लिपी, चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे सोळाव्या शतकापर्यंतची. मुघल आले, अभिरुची बदलली आणि ती मागे पडली. तैमूरने दिल्ली लुटली 1398 मध्ये, आणि या लिपीतलं प्रसिद्ध ग्वाल्हेरचं कुराण पुढच्याच वर्षी, 1399 मध्ये पुरं झालं. आज ते टोरोंटोच्या आगा खान संग्रहालयात आहे. अक्षरांच्या आडव्या रेषा मधे फुगलेल्या आणि टोकाला निमुळत्या, उभ्या रेषा त्या मानाने सडपातळ. माझ्या पानावर पहिली ओळ सोन्याची आहे, वर्ख खलून केलेल्या शाईची, कडेने काळी बारीक रेघ ओढलेली. त्याखालच्या ओळी काळ्या, मधे एक निळी. ओळींच्या मधे लाल शाईत बारीक फारसी अर्थ. समासात दहाव्या आयतीची, म्हणजे कुराणातल्या वचनाची, खूण म्हणून एक गोल आहे. त्याच्या पाकळ्या एकसारख्या नाहीत, एक चक्क अर्धवट राहिली आहे. हे काम करणारा माणूस मला त्या पाकळीत भेटतो.

माझ्यासाठी पारडं झुकलं ते मात्र या सौंदर्यामुळे नाही. कुराणाचा मजकूर ठरलेला आहे. पान घरी आल्यावर मी छापील कुराण उघडलं आणि बोटाने एकेक अक्षर लावत गेलो. मला अरबी जेमतेम वाचता येतं, तरी दोन संध्याकाळींत सगळं पान जुळलं. कुठे शब्द गळलेला नाही, कुठे ओळ पुसलेली नाही, मागच्या बाजूला आयत जिथे तुटायला हवी तिथेच तुटते. शाहनाम्याच्या हस्तलिखितांत बैत कमीजास्त असतातच, त्यामुळे पडताळायला जाणकार लागतो. इथे माझ्यासारख्याला स्वतः पडताळता आलं. सोनं नंतर चढवलेलं असू शकतं, समासातली फुलंही. नाही असं नाही. पण पानाच्या पोटातला मजकूर खाऊन कुणी काही विकू शकत नाही, आणि मला तेवढं पुरतं.

उणिवा आहेत. हिंदुस्थानी हवेतून आलेली पानं कसरीने खाल्लेली असतात, समास छाटलेले असतात, जुन्या डागडुजीच्या पट्ट्या मजकुरावरही चढलेल्या दिसतात. आणि सुटं पान म्हणजे कधीतरी कुणीतरी ग्रंथ फोडला, हे दोन्हीकडे सारखंच खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या देमोत नावाच्या व्यापाऱ्याने तर मोठा मंगोल शाहनामा फोडताना पानांच्या दोन बाजूही सोलून वेगळ्या केल्या. म्हणून मी आता फार पूर्वी सुटं झालेलं, जुन्या नोंदी असलेलं पानच घेतो. अलीकडे फुटलेल्या ग्रंथाचं घेत नाही.

कुराणाच्या पानासोबत एक जबाबदारीही येते. मी ते आधी जिन्याखाली, चपलांच्या कपाटासमोर लावणार होतो. एका मित्राची अम्मी घरी आल्या होत्या, त्यांनी हळूच सांगितलं, "बेटा, इसे ऊपर रखो." आता ते अभ्यासिकेत, डोळ्यांच्या उंचीच्या वर आहे. प्रकाश मंद, पन्नास लक्सच्या आसपास, तोही आम्ही खोलीत असतो तेव्हाच.

तुम्ही भारतात असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे 75 वर्षांहून जुनं, महत्त्वाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. चित्र किंवा सोन्याची सजावट असेल तर नोंदणी करावी लागते, आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. दोन्ही पानांना हे सारखंच लागू आहे.

एवढं वाचूनही मन शाहनाम्याकडेच ओढत असेल तर जरूर घ्या, मी अडवणार नाही. फक्त पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून दोन फोटो मागवा, एक मागच्या बाजूचा आणि एक बाजूने तिरका प्रकाश टाकून काढलेला. जो टाळाटाळ करेल त्याचं पान त्याच्याकडेच राहू द्या.