छोटा फिक्स्ड ब्लेड का घडीचा चाकू: सोलापुरात रोज जवळ ठेवायला कोणता घ्यावा?

रोज जवळ एक चाकू असावा, पण घडीचा घ्यावा का छोटा फिक्स्ड ब्लेड, यात अडकला असाल तर ब्रँड आणि स्टील नंतर बघा, आधी तो चाकू दिवसभर राहणार कुठं ते ठरवा. खिशात, डब्याच्या पिशवीत, गाडीच्या डिकीत का रानातल्या खोलीवर. माझ्या मते निम्मा निर्णय तिथंच होतो.

छोटा फिक्स्ड ब्लेड म्हणजे साधारण ५ ते ९ सेंटिमीटरचं पातं, न दुमडणारं, म्यानात राहणारं. निव्वळ काम बघायचं तर हाच भारी. सांधा नाही, लॉक नाही, स्प्रिंग नाही, चांगल्या चाकूत तर पातं आणि मुठीच्या आतलं लोखंड एकाच पट्टीचं असतं, त्यामुळं ठिबकची नळी कापा, सुतळी कापा, खताचं पोतं उघडा, जोर लावला तरी काही हलत नाही. घडीच्या चाकूत, त्यातही लॉक नसलेल्या साध्या स्विस टाइपमध्ये (पातं, कात्री असं सगळं एकत्र घडी होणारा स्विस आर्मी चाकू), टोकानं दाबून काम करताना पातं बोटांवर मिटायची भीती असतीच. ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूला पातं लॉक करायला फिरवून लावायची रिंग असती, ती बरी, पण मूठ लाकडी, भिजली की फुगती आणि पातं उघडायला जड जातं. शिवाय आपल्याकडची धूळ! सांगोला-पंढरपूरकडं डाळिंबाच्या बागेत घडीचा चाकू वापरला की रस सांध्यात जातो, वर माती बसती, आणि उघडताना करकर सुरू होती. यंत्रमागावर सुताची बारीक धूळ तेच करती. फिक्स्ड ब्लेड नळाखाली धरला, पुसला, झालं.

स्टीलचं थोडक्यात. १०९५ सारखं कार्बन स्टील घरच्या दगडावर पटकन धार धरतं, पण डाळिंब, लिंबू, चिंच लागली की काळं पडतं आणि ओलं ठेवलं तर गंजतं. फळं कापायची असतील तर स्टेनलेसच घ्या, मोरा या स्वीडिश कंपनीच्या एल्ड्रिस या छोट्या फिक्स्ड ब्लेडमध्ये १२सी२७ हे स्टेनलेस येतं, पातंही ६ सेंटिमीटरच्या आतलं आहे. डी२ या कडक स्टीलची धार जास्त टिकती, लावायला मात्र वेळ लागतो.

म्यानाकडं लोक बघतच नाहीत, आणि फिक्स्ड ब्लेडमध्ये अर्धी सेफ्टी तिथंच असती. चाकू म्यानात घालून उलटा धरा, दोन झटके द्या, निसटला तर तो चाकू घेऊ नका. कातडी म्यान दिसायला छान पण आपल्या उन्हाळ्यात घाम पितं आणि पात्याला गंज चढवतं, घट्ट बसणारं प्लास्टिक किंवा कायडेक्स (साच्यात बसवलेलं कडक प्लास्टिक) बरं.

आता अंगावर बाळगायचं म्हटलं की चित्र उलटं होतं. घडीचा खिशात गपचूप बसतो, तर फिक्स्ड ब्लेड कमरेला लावून बाईकवर बसलात की टोचतो, शर्ट वर गेला की मूठ दिसती, आणि एसटीत नाहीतर नवी पेठेच्या गर्दीत शेजारच्या माणसाला ती बघून भीती वाटणार, त्याचं काय चुकलं.

कायद्याचं नीट वाचा. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीच्या वस्तू त्यातून वगळल्यात, त्यामुळं बरेच जण समजतात की आपला ३ इंची चाकू कुठंही चालतो. तसं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्तांना हत्यारं, काठ्या, चाकू बाळगायला बंदी घालता येती, सण, मोर्चे, निवडणुका असल्या की असे आदेश निघतात, आणि मोडला तर कलम १३५ लागतं. त्या कलमात इंचाचं माप नाही आणि घडीचा का सरळ असा फरकही नाही. म्हणून गड्ड्याच्या यात्रेला, मोर्चाला, मिरवणुकीला जाताना दोन्ही घरी ठेवा. विमानाच्या केबिन बॅगेतही दोन्ही नकोत. आणि स्वसंरक्षणासाठी घेत असाल तर कृपा करून कुठलाच घेऊ नका, झटापटीत चाकू निघाला की साध्या भांडणात जीव जातो, आणि जगला-वाचला तरी पुढं कोर्टाच्या फेऱ्या आहेतच.

तर शेती, बाग, ट्रेकिंग असेल तर छोटा फिक्स्ड ब्लेड, पण तो खोलीवर किंवा अवजारांच्या पिशवीत तळाला, कमरेला नाही. शहरात ऑफिस-दुकान असेल तर मिटल्यावर ५८ मिलिमीटर भरणारा छोटा स्विस पुरतो, त्यातली कात्री पात्यापेक्षा जास्त वापरली जाती. आणि तुम्ही एमआयडीसीत नुसती खोकीच उघडत असाल तर दोन्हीचा नाद सोडा, स्टेशनरीच्या दुकानातला तुकडे मोडायचा कटर घ्या, धार गेली की पुढचा तुकडा.